अमेरिकेत डिसॅबिलिटीचा अर्ज आणि अपील: वेळ किती लागतो, मुदती कोणत्या पाळायच्या

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडे डिसॅबिलिटीचा अर्ज केल्यापासून पहिला निकाल हाती यायला साधारण सहा ते आठ महिने लागतात. पहिल्या फेरीत तीनपैकी जवळपास दोन अर्ज नामंजूर होतात. तिथून फेरविचार, मग न्यायाधीशापुढे सुनावणी, असे करत दोन ते अडीच वर्षे सहज उलटतात. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांत याबद्दल पुन्हा पुन्हा पडणारा प्रश्न एकच असतो: हा उशीर कार्यालयाचा आहे, की आपल्याच हातून काही राहिले आहे? कार्यालयाचा वेळ कमी करण्याचे मार्ग थोडे आहेत आणि ते पुढे दिले आहेत. मात्र हक्काचे पैसे बुडतात ते बहुधा तीन कारणांनी: अर्जच उशिरा केला, साठ दिवसांची मुदत चुकली, किंवा अपील करायचे सोडून नवा अर्ज भरला. ही तिन्ही कारणे अर्जदाराला टाळता येतात.

आधी पाहा, तुमचा लाभ कोणता

सोशल सिक्युरिटीचे डिसॅबिलिटी लाभ दोन आहेत. पहिला एसएसडीआय. पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापला गेला असेल, तर त्या कमाईच्या आधारे मिळणारा हा विमा आहे. दुसरा एसएसआय. तो गरजूंसाठी आहे आणि त्याला कामाचा इतिहास लागत नाही, पण उत्पन्न आणि मालमत्ता अगदी कमी असावी लागते. एकट्या व्यक्तीची मोजली जाणारी मालमत्ता २,००० डॉलरच्या वर गेली की एसएसआय मिळत नाही. राहते घर आणि एक गाडी त्यात धरत नाहीत.

एसएसडीआयसाठी ‘क्रेडिट’ लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात; २०२५ साली एका क्रेडिटसाठी १,८१० डॉलरची कमाई लागत होती. वयाच्या ३१ वर्षांनंतर आजार आला, तर सर्वसाधारणपणे त्याआधीच्या दहा वर्षांत २० क्रेडिट झालेली असावी लागतात, आणि एकूण गरज वयाप्रमाणे ४० पर्यंत जाते. तरुणांना कमी पुरतात. मराठी कुटुंबांची गफलत होते ती पुढच्या काही ठिकाणी:

- एच-वन-बी व्हिसावर पगारातून हा कर कापला जातो, म्हणून त्या वर्षांची क्रेडिट जमा होतात. एफ-वन विद्यार्थ्यांना आणि ओपीटीच्या काळात साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षे हा कर नसतो. म्हणून नोकरी करूनही त्या वर्षांचे क्रेडिट शून्य असू शकते.
- भारतात केलेली नोकरी मोजली जात नाही. अमेरिकेचे काही देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, त्यांत भारत नाही.
- नोकरी सोडून घरी बसल्यावर विम्याचे छत्र कायम राहत नाही. सलग नोकरी केलेल्या व्यक्तीचे छत्र काम थांबल्यावर साधारण पाच वर्षांनी संपते. अपंगत्व त्या तारखेपूर्वी सुरू झाले हे सिद्ध करावे लागते. मुलांसाठी नोकरी सोडलेल्या आणि सहा-सात वर्षांनी आजारी पडलेल्या आईला एसएसडीआय नाकारला जातो तो याच मुद्द्यावर. तिचा आजार खोटा आहे असा त्याचा अर्थ नसतो.
- ग्रीन कार्डवर मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना एसएसआय लगेच मिळत नाही. २२ ऑगस्ट १९९६ नंतर आलेल्यांना सहसा पाच वर्षे थांबावे लागते, शिवाय स्वतःची किंवा जोडीदाराची मिळून ४० क्रेडिट लागतात. नागरिकत्व घेतल्यावर ही अट राहत नाही.

आपली क्रेडिट किती झाली आहेत हे सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडून काही मिनिटांत पाहता येते. ते न पाहता अर्ज केला, तर कधी कधी महिनाभर थांबून हाती येते ते ‘क्रेडिट पुरेशी नाहीत’ एवढेच पत्र.

कायद्याला अभिप्रेत असलेले अपंगत्व

व्याख्या कडक आहे. आजार किमान बारा महिने टिकलेला किंवा टिकणारा, अथवा मृत्यूकडे नेणारा असावा, आणि त्यामुळे पूर्वीचेच नव्हे तर वय, शिक्षण आणि अनुभव पाहता दुसरेही कोणते नियमित काम होत नसावे. अंशतः अपंगत्वाला इथे जागा नाही. भारतात ४० टक्के, ६० टक्के असे प्रमाणपत्र मिळते. ते अर्जाला जोडायला हरकत नाही, पण त्या टक्क्यांवर इथला निर्णय ठरत नाही. अर्ज करताना दरमहा ठरावीक रकमेहून जास्त कमाई चालू असेल, तर वैद्यकीय कागद उघडलेही जात नाहीत. २०२५ मध्ये ही मर्यादा १,६२० डॉलर होती, अंधांसाठी २,७००. दरवर्षी ती बदलते.

पहिला अर्ज: सहा ते आठ महिने कशात जातात

अर्ज ऑनलाइन, फोनवर किंवा स्थानिक कार्यालयात करता येतो. कार्यालय क्रेडिट आणि कागद तपासते आणि प्रकरण राज्याच्या डीडीएस या यंत्रणेकडे पाठवते. आजाराचा निर्णय तिथला परीक्षक आणि वैद्यकीय सल्लागार घेतात. सर्वात जास्त वेळ जातो तो रुग्णालयांकडून नोंदी मागवण्यात. एका डॉक्टरांच्या कार्यालयाने फॅक्सला उत्तर दिले नाही, तर फाइल आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहते. म्हणून अर्जात डॉक्टरांची नावे, पत्ते आणि भेटीच्या तारखा अचूक द्या. जमल्यास नोंदींच्या प्रती स्वतः मागवून जोडा. परीक्षकाचे काम त्याने बरेच हलके होते.

नोंदी अपुऱ्या असल्या की सरकार स्वतःच्या खर्चाने एका डॉक्टरांकडे तपासणी ठेवते. ती बहुधा छोटी असते, कधी पंधरा-वीस मिनिटांचीच. तिला न जाणे म्हणजे नकार ओढवून घेणे. तारीख जमत नसेल, तर आधी फोन करून बदलून घ्या.

याच काळात घरी ‘फंक्शन रिपोर्ट’ नावाचा फॉर्म येतो: दिवसभर काय करता, किती वेळ उभे राहता, काय उचलता. मराठी माणसाचा इथे हमखास तोटा होतो, कारण कुणी विचारले की ‘चाललंय बरं’ म्हणायची सवय अंगात मुरलेली असते. ‘स्वयंपाक करता का?’ या प्रश्नापुढे ‘हो, रोज’ एवढेच लिहिले, तर परीक्षकाच्या दृष्टीने ती बाई उभी राहून तासभर काम करू शकते. खरी परिस्थिती अशी असते: ‘कुकर लावते. पोळ्या उभ्याने लाटता येत नाहीत, खुर्चीवर बसून चार लाटते, मग हात सुन्न पडतो. बाकीच्या मुलगी करते. जड पातेले उतरवता येत नाही.’ हेच लिहायचे. वाढवून नाही आणि झाकूनही नाही. डॉक्टरांशी बोलतानाही तेच. नोंदीत ‘पेशंट बरा आहे’ असे आले की त्याचा अर्थ ‘शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत नाही’ एवढाच असला, तरी पुढे नकाराच्या पत्रात ते वाक्य उतरते.

लवकर निकालाच्या वाटा

काही प्रकरणे रांगेतून पुढे काढली जातात. ‘कम्पॅशनेट अलाउन्सेस’ ही यादी २००८ पासून आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग, एएलएस, कमी वयात आलेला अल्झायमर यांसारखे अडीचशेहून अधिक आजार तिच्यात आहेत. अशा अर्जांचा निकाल कधी कधी काही आठवड्यांत लागतो. वेगळा अर्ज करावा लागत नाही. मात्र निदान नेमक्या वैद्यकीय नावाने लिहिलेले असावे आणि बायॉप्सीचा किंवा तपासणीचा अहवाल पहिल्याच दिवशी जोडलेला असावा. अंतिम टप्प्यातील आजारालाही प्राधान्य मिळते.

घर सुटण्याची वेळ आली असेल किंवा औषधाला पैसे नसतील, तर तसे लेखी कळवा. सोबत घरमालकाची नोटीस किंवा वीज तोडण्याची सूचना असे कागद जोडा. नुसते ‘फार अडचण आहे’ म्हटल्याने फाइल हलत नाही. एसएसआयच्या काही ठरावीक आजारांत निकालाआधीच सहा महिन्यांपर्यंत तात्पुरते पैसे सुरू करता येतात; अर्ज करतानाच त्याची चौकशी करा. खूप दिवस काहीच कळत नसेल, तर आपल्या मतदारसंघातील काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला चौकशीची विनंती करता येते. त्याने निकाल फिरत नाही, पण हरवलेली फाइल सापडते.

नकारानंतर: साठ दिवस

नकाराचे पत्र आल्यावर अपिलाला ६० दिवस मिळतात. पत्र त्यावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी मिळाले असे धरतात, म्हणून प्रत्यक्षात ६५. हे दिवस सुट्ट्या धरून मोजतात. रुग्णालयात दाखल होणे, घरातील मृत्यू, पत्रच न मिळणे अशी सबळ कारणे असल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. पत्ता बदलला असेल तर सोशल सिक्युरिटीला आवर्जून कळवा. बऱ्याच मुदती जुन्या घरी गेलेल्या पत्रांमुळे बुडतात.

पायऱ्या चार आहेत, आणि प्रत्येक पायरीला हीच ६० दिवसांची मुदत:

1. फेरविचार. डीडीएसमधीलच पण वेगळा परीक्षक फाइल पुन्हा पाहतो. वेळ साधारण सहा-सात महिने. यश कमी, सात-आठ प्रकरणांत एखादे मंजूर होते. तरीही ही पायरी गाळता येत नाही.
2. प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी. मागणी केल्यापासून सुनावणी होऊन निकाल यायला अलीकडे वर्षाच्या आसपास लागते. २०१७-१८ मध्ये हाच सरासरी काळ सुमारे ६०० दिवसांवर गेला होता. इथे निम्म्याच्या आसपास अर्जदारांना लाभ मिळतो.
3. अपील्स कौन्सिल. न्यायाधीशाच्या निकालात कायद्याची चूक आहे का, एवढेच मुख्यतः पाहिले जाते. कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक. बहुतेक विनंत्या फेटाळल्या जातात. काही प्रकरणे पुन्हा सुनावणीसाठी परत पाठवली जातात.
4. संघीय जिल्हा न्यायालय. इथे वकिलाशिवाय जाणे कठीण. वर्ष किंवा त्याहून जास्त.

फेरविचाराचा अर्ज करताना ‘पुन्हा तपासा’ एवढे लिहून भागत नाही. नकाराच्या पत्रात कोणते कागद पाहिले त्याची यादी असते. ती आधी वाचा. एमआरआय किंवा मानसोपचाराच्या नोंदी त्यात नसतील, तर नकाराचे कारण बहुधा तिथेच असते.

सुनावणी

खऱ्या अर्थाने प्रकरण उघडते ते इथे. न्यायाधीश अर्जदाराला प्रत्यक्ष, व्हिडिओवर किंवा फोनवर ऐकतो. सुनावणीची नोटीस किमान ७५ दिवस आधी येते, आणि सगळे पुरावे सुनावणीच्या किमान पाच कामकाजाच्या दिवसांआधी द्यावे लागतात किंवा कोणते यायचे आहेत ते कळवावे लागते. उशिरा दिलेला कागद न्यायाधीश नाकारू शकतो.

सुनावणी तासाभराच्या आत आटोपते. बहुधा तिथे एक व्यावसायिक तज्ज्ञ असतो. न्यायाधीश त्याला विचारतो: अमुक वयाची, एवढे शिकलेली व्यक्ती, दिवसातून सहा तास बसू शकते, दहा पौंडांवर उचलू शकत नाही, तिला कोणती नोकरी करता येईल? तज्ज्ञ दोन-तीन कामांची नावे सांगतो. मग प्रश्न येतो: ती महिन्यातून तीन दिवस गैरहजर राहत असेल तर? अशी नोकरी टिकणार नाही, असे उत्तर येते. निकाल बऱ्याचदा या दुसऱ्या प्रश्नावर फिरतो. म्हणून ‘संधिवात आहे’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांच्या पत्रापेक्षा ‘महिन्यातून किती दिवस अंथरुणाला खिळते, कामातून किती वेळ आडवे व्हावे लागते’ हे सांगणारे पत्र जास्त कामाचे ठरते. दुखण्याच्या दिवसांची साधी वही ठेवली, तर डॉक्टरांनाही असे लिहिणे सोपे जाते.

पुरावा अगदी स्पष्ट असेल, तर सुनावणीशिवाय कागदांवरूनच निकाल द्यावा अशी विनंती करता येते. ती मान्य झाली तर काही महिने वाचतात.

वयाचाही भाग मोठा आहे. पन्नाशीनंतर आणि त्याहून अधिक पंचावन्ननंतर नियम सैल होतात, कारण नवे काम शिकून घेण्याची अपेक्षा कमी धरली जाते. पूर्वी इंग्रजी न येणे हाही अर्जदाराच्या बाजूचा मुद्दा होता. २७ एप्रिल २०२० पासून तो काढून टाकला आहे. जुन्या ओळखीच्या माणसाच्या अनुभवावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दुसरा बदल फायद्याचा आहे: जून २०२४ पासून मागील १५ ऐवजी फक्त ५ वर्षांचे काम पाहिले जाते.

नवा अर्ज की अपील?

जवळजवळ नेहमी अपील. एका काल्पनिक उदाहरणावरून हिशेब पाहू. एका बाईंचे काम जानेवारी २०२४ मध्ये १० तारखेला थांबले. एसएसडीआयमध्ये पहिले पाच पूर्ण महिने काहीच मिळत नाही. म्हणजे फेब्रुवारी ते जून गेले, हक्क जुलै २०२४ पासून. अर्ज केला सप्टेंबर २०२४ मध्ये. एप्रिल २०२५ मध्ये नकार, ऑक्टोबरमध्ये फेरविचारातही नकार. त्यांनी मुदतीत सुनावणी मागितली आणि ऑगस्ट २०२६ मध्ये निकाल बाजूने लागला. महिना २,००० डॉलर धरले, तर जुलै २०२४ ते जुलै २०२६ या २५ महिन्यांची थकबाकी ५०,००० डॉलर होते.

याच बाई दुसऱ्या नकाराने कंटाळून डिसेंबर २०२५ मध्ये नवा अर्ज करत्या, तर मागील लाभ अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांपलीकडे सहसा जात नाही. जुलै ते नोव्हेंबर २०२४ चे १०,००० डॉलर गेले, आणि रांगेत पुन्हा शेवटी उभे राहायचे ते वेगळेच. आणि मुळात अर्जच सप्टेंबर २०२६ मध्ये केला असता, तर चौदा महिन्यांचे, म्हणजे २८,००० डॉलर बुडाले असते. ‘आणखी थोडे बरे वाटेल, मग पाहू’ म्हणून थांबण्याची किंमत ही अशी असते. बारा महिने आजार टिकणार असे डॉक्टर म्हणत असतील, तर बारा महिने पुरे होण्याची वाट पाहायची गरज नाही. अर्ज लगेच करा.

एसएसआयला मागील काळाचा लाभच नाही. अर्जाच्या पुढच्या महिन्यापासून हक्क सुरू होतो, म्हणून तिथे एका महिन्याचा उशीर म्हणजे एका महिन्याचे पैसे कायमचे गेले. आणखी एक: अपील्स कौन्सिलपुढे प्रकरण चालू असताना त्याच लाभासाठी नवा अर्ज सहसा घेतला जात नाही.

थांबण्याच्या काळात घर कसे चालवावे

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, ऱ्होड आयलंड आणि हवाई या राज्यांत कामगारांसाठी अल्पकालीन डिसॅबिलिटी विमा कायद्याने आहे. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये तो जास्तीत जास्त २६ आठवडे, कॅलिफोर्नियात ५२ आठवड्यांपर्यंत मिळतो. आजाराच्या पहिल्या आठवड्यातच त्याची चौकशी करावी.

कंपनीचा दीर्घकालीन डिसॅबिलिटी विमा असेल, तर त्याचे नियम निराळे. बहुतेक खासगी कंपन्यांच्या विम्याला एरिसा कायदा लागू होतो. विमा कंपनीने सर्वसाधारणपणे ४५ दिवसांत निर्णय द्यावा, हे दिवस प्रत्येकी ३० असे दोनदा वाढू शकतात. नकारानंतर अपिलाला १८० दिवस मिळतात. इथे एक खोच आहे. हा विमा चालू असताना पुढे एसएसडीआयची थकबाकी मिळाली, की त्याच महिन्यांची जादा दिलेली रक्कम विमा कंपनी परत मागते. पॉलिसीत तसे लिहिलेले असते. ढोबळ मानाने ती थकबाकी आपली नाहीच असे समजून चालावे आणि खर्चून टाकू नये.

नोकरी सुटल्यावर कोब्राखाली आरोग्य विमा १८ महिने चालवता येतो. त्या विम्याच्या पहिल्या ६० दिवसांत अपंगत्व होते असा सोशल सिक्युरिटीचा निर्णय मिळाला, तर हा काळ २९ महिन्यांपर्यंत वाढतो. मात्र निर्णय आल्यापासून ६० दिवसांत आणि १८ महिने संपण्यापूर्वी योजनेला कळवावे लागते. वाढीव काळात हप्ता मूळच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकतो. उत्पन्न खालावले असेल, तर मेडिकेडची चौकशी आधी करावी.

बेरोजगार भत्त्याबाबत जपून. तो घेताना ‘मी काम करायला समर्थ आहे’ असे दर आठवड्याला सांगावे लागते, आणि इकडे ‘काम होत नाही’ असा दावा असतो. कायद्याने सरसकट बंदी नसली, तरी न्यायाधीश हा विरोध हमखास विचारतो.

एच-वन-बीवर असलेल्यांपुढे आणखी मोठी अडचण आहे: काम थांबले की व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो, आणि अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य नसेल तर एसएसडीआयचे पैसे मिळत नाहीत. अशा वेळी डिसॅबिलिटीच्या वकिलाइतकाच इमिग्रेशनचा वकीलही पहिल्याच आठवड्यात गाठावा.

भाषा आणि भारतातले कागद

इंग्रजीत सफाईने बोलता येत नसेल, तर मराठी दुभाषी मागा. सोशल सिक्युरिटी दुभाषी विनामूल्य देते, सुनावणीतही. मुलगा किंवा सून दुभाषी म्हणून बसवणे टाळलेले बरे. सासूबाईंच्या लघवीच्या त्रासाबद्दल सुनेने बोलायचे म्हटले की दोघीही संकोचतात आणि नोंद अर्धवट राहते.

पुण्याला किंवा मुंबईला झालेल्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, अहवाल ग्राह्य धरले जातात. बहुतेक इंग्रजीतच असतात. मराठी कागदाचे भाषांतर सोशल सिक्युरिटी स्वतः करून घेऊ शकते. मात्र आजार आहे हे सिद्ध करायला परवानाधारक डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ किंवा नियमांत नाव असलेला तत्सम व्यावसायिकच लागतो. वैद्य, होमिओपॅथ किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्या नोंदी पूरक म्हणून वाचल्या जातात, पण एकट्या पुरत नाहीत. वर्षभर फक्त आयुर्वेदिक उपचार घेतलेल्यांची फाइल या कारणाने रिकामी दिसते.

वकील आणि त्यांची फी

अर्ज स्वतः करता येतो. सुनावणीला मात्र जाणकार प्रतिनिधी असलेला चांगला. फी जिंकल्यावरच द्यायची असते: नेहमीच्या करारात थकबाकीच्या २५ टक्के, पण कमाल ९,२०० डॉलर. ही कमाल मर्यादा ३० नोव्हेंबर २०२४ पासूनची आहे. वरच्या उदाहरणात ५०,००० चे २५ टक्के १२,५०० होतात. वकिलाला मिळतात ९,२००. ते सोशल सिक्युरिटी परस्पर कापून देते. नोंदी मागवण्याचा खर्च वेगळा लागू शकतो, तो आधी विचारून घ्या. आगाऊ फी मागणाऱ्या किंवा ‘नक्की मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावे. गरजूंना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांकडे विनामूल्य प्रतिनिधीही मिळतात.

मंजुरीनंतर

एसएसडीआयचा हक्क सुरू झाल्यापासून २४ महिन्यांनी मेडिकेअर लागू होते. वरच्या बाईंना ते जुलै २०२६ पासून, म्हणजे निकालाच्या आधीच्या महिन्यापासूनच. एएलएस असलेल्यांना ना पाच महिने थांबावे लागते ना चोवीस. एसएसआयची मोठी थकबाकी एकदम न देता सहा-सहा महिन्यांच्या अंतराने जास्तीत जास्त तीन हप्त्यांत देतात. एसएसआय घेणारी व्यक्ती सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिली, तर लाभ थांबतो. लग्नकार्यासाठी महिनाभर भारतात जाणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी हे पाहावे.

मंजुरी कायमची नसते. सुधारणा अपेक्षित असेल तर सहा ते अठरा महिन्यांनी, नाहीतर साधारण तीन किंवा सात वर्षांनी प्रकरण पुन्हा तपासतात. त्या तपासणीत लाभ बंद करण्याचे पत्र आले, तर अपिलाची मुदत ६० दिवसांचीच असते. पण अपील चालू असताना पैसे सुरू राहावेत असे वाटत असेल, तर तशी मागणी पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत करावी लागते. अपील हरल्यास ते पैसे परत मागितले जाऊ शकतात. परतफेड माफ व्हावी म्हणून वेगळा अर्ज करता येतो.